पॉलिसीला हात लावलेला नाही

लीड्स,
रविवार संध्याकाळ

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे काढत असलेल्या छोट्या सिनेमा थिएटरमुळे तुम्ही काळजीत आहात, म्हणून आधी महत्त्वाचं. एलआयसीची पॉलिसी मोडलेली नाही, नोकरी सोडलेली नाही आणि कुणाकडून व्याजाने पैसे उचललेले नाहीत. फोनवर हे सांगायला गेलं की आवाज चढतात, आई रडते, बंटी मध्ये पडतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून सगळं लिहून काढलं. बंटीला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढायला सांगितलंय. बाबा, एका बैठकीत वाचू नका, डोळ्यांत थेंब घातल्यावर तर नकोच. ऑपरेशन व्यवस्थित झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. बंटी होता, काका होते, म्हणजे माणसं कमी नव्हती. मी असते तर बरं झालं असतं, ते आहेच.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. थंडी अजून म्हणावी तशी नाही.

आता थिएटर. बाबा, तुम्ही इतकी वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होता, त्यामुळे तुम्हाला हे चटकन कळेल. हे माझ्या एकटीचं दुकान नाही, ही सहकारी संस्था आहे. गावातल्या लोकांनी शेअर घेतले आहेत. शंभर पौंड घालणारा असो की दहा हजार घालणारा, मत एकच. हे शेअर बाहेर कुणाला विकता येत नाहीत. पैसे परत हवे असतील तर संस्थेकडेच मागायचे आणि संस्थेला झेपेल तेव्हा ती देणार. रीतसर नोंदणी झालेली आहे, दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. मी पाच हजार पौंड घातले, म्हणजे आपले साडेपाच-सहा लाख. देव न करो, पण उद्या काही बिघडलंच तर तेवढेच जातील. माझ्या पगारावर किंवा बचतीवर कुणी हक्क सांगू शकणार नाही. नोकरी आता आठवड्याचे तीन दिवस करते, उरलेला वेळ थिएटरला. इथे कायमचं राहण्याचा परवाना हातात येईपर्यंत मी या भानगडीत पडले नव्हते, हेही लक्षात घ्या.

बाबांचं म्हणणं, आपल्याकडे थिएटरं एकामागून एक बंद होतायत आणि ही नवीन काढायला निघाली. दादरचं चित्रा थिएटर २०१९ ला बंद झालं तेव्हा तुम्ही दोन दिवस गप्प होता, हे मला आईने सांगितलं होतं. पण चित्रासारख्या हॉलचा खर्च वेगळा. रिकाम्या खुर्च्यांसाठीही तेवढीच वीज लागते, तेवढाच स्टाफ लागतो. आमच्या सत्तर खुर्च्या आहेत, एका जुन्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये. तीस माणसं आली तरी हॉल भरल्यासारखा वाटेल आणि त्या दिवसाचा खर्च निघेल. बंटीने एडिनबरोच्या फिल्महाउसची बातमी पाठवली होती. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद पडलं, खरं आहे. पण त्याने पुढचं वाचलं नाही. लोकांनी पैसे उभे केले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा उघडलं.

तिकिटावर फारसं सुटत नाही, हे मान्य. कर जाऊन जे उरतं त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा वितरक घेतो, नव्या मोठ्या सिनेमाला त्याहूनही जास्त. शिवाय नवा सिनेमा हवा असेल तर सुरुवातीला सगळे खेळ त्यालाच द्या, अशी अट घालतात. एकाच पडद्याच्या थिएटरला ते परवडत नाही. म्हणून आम्ही तो काही आठवडे जुना झाला की घेणार. तेव्हा वाटाही उतरतो आणि एकाच दिवशी दुपारी एक, रात्री दुसरा असं लावता येतं. पॉपकॉर्न आणि चहाच्या पैशात मात्र वितरकाचा हिस्सा नसतो. खरी कमाई काउंटरवर.

बाबा, प्रोजेक्टरचं तुम्हाला सांगायचं राहिलं. आता रिळं नाहीत. हार्ड डिस्क येते किंवा फाइल उतरवून घ्यायची, पण ती कुलूपबंद असते. तिची चावी वेगळी येते, तीही एका फाइलच्या रूपात. ती फक्त आमच्याच मशीनला लागते आणि ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंतच चालते. वेळेआधी उघडून बघू म्हटलं तरी सिनेमा उघडत नाही. आमच्याबरोबर एक निवृत्त ऑपरेटर आहेत, सगळा जन्म ३५ एमएमवर गेलेला. ते म्हणतात, दर वेळी चावी आदल्या दिवशीच तपासायची. तुमची आणि त्यांची गाठ घालून द्यायची आहे. तुम्ही दोघं रात्रभर बोलत बसाल.

आई, तू दिल्लीच्या उपहार थिएटरच्या आगीची आठवण काढलीस. १९९७ ला ५९ माणसं गेली, तेव्हा मी लहान होते, पण तू पेपर दडवून ठेवला होतास ते आठवतं. म्हणून नीट ऐक. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, परवान्याशिवाय इथे खेळ लावता येत नाही. आमच्या हॉलला बाहेर पडायला दोन दारं आहेत, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी. वरची गॅलरी सुंदर आहे, पण तिला एकच जिना आहे, म्हणून ती आम्ही बंद ठेवली. वीस खुर्च्यांचं उत्पन्न गेलं, जाऊ दे.

आता एक इथली रीत समजावून सांगते, कारण बंटी अर्धवट सांगेल आणि तू उगाच काहीतरी कल्पना करून बसशील. इथे काही थिएटरांत अधूनमधून एक खेळ असा असतो की लोक आपलं कुत्रं बरोबर घेऊन येतात. सिनेमा नेहमीचाच, माणसांचा. पण आवाज कमी ठेवतात, दिवे पूर्ण मालवत नाहीत. दाराशी पाण्याची भांडी असतात. खुर्चीवर कुत्र्याला बसवायचं असेल तर आधी पांघरूण घालायचं. तिकिटं मुद्दाम कमी विकतात, म्हणजे दोन कुत्री अगदी शेजारी येत नाहीत. आणि आई, ती भुंकत नाहीत! मी लीड्समध्ये पाहिलं ना. एखादं उठतं, अंग झटकतं, परत झोपतं. खेळ संपला की सगळा हॉल झाडून, व्हॅक्यूम करून, खिडक्या उघडून ठेवतात; ज्यांना त्रास होतो त्यांनी त्या खेळाला येऊ नये म्हणून बाहेर मोठी पाटी असते. आमच्याकडेही हा खेळ ठेवायचं ठरलंय. तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे. पण इथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात दुसरं कुणी नसतं. कुत्र्याला एकटं टाकून यायचं नाही म्हणून ती कितीतरी वर्षं थिएटरात आलेलीच नसतात. त्या दिवशी माझ्या शेजारच्या आजी सिनेमा संपल्यावर माझा हात धरून बसल्या होत्या. मला तो खेळ हवाच आहे.

बाबा, तुम्हाला ठाऊक आहे का, ज्यांना सिनेमाचे जनक म्हणतात त्या ल्युमिएर बंधूंच्या सात वर्षं आधी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, लुई ले प्रिन्स नावाच्या संशोधकाने याच लीड्समधल्या राउंडहेच्या एका बागेत चार माणसं चालताना टिपली? दोनेक सेकंदांची फिल्म आहे. त्यातली वयस्क बाई म्हणजे त्याची सासू. चित्रण झालं आणि दहा दिवसांनी ती वारली. मी ती फिल्म परत परत बघते. तुम्ही दोघं बोलताना, चहा पिताना बंटीने व्हिडिओ काढून पाठवावेत असं मी त्याला सांगून ठेवलंय, पण तो कंटाळा करतो. तुम्हीच मागे लागा.

आणि आपलं घर फाळके रोडच्या इतकं जवळ! दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांना सिनेमा दाखवला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक उरकून रात्री फिल्मला भोकं पाडायला बसत. आई, मी तर पॉलिसीला हातही लावला नाही.

पैशांचं. मार्चपर्यंत दर महिन्याला चाळीसऐवजी पंचवीस हजार येतील. बाबांच्या औषधांचे त्यात धरू नका, ते मी वेगळे पाठवते. बंटीच्या लग्नाच्या हॉलचा दुसरा हप्ता डिसेंबरच्या आत देईन, शब्द दिलाय तो दिलाय. केटररचे मात्र तो म्हणतो त्याप्रमाणे निम्मे त्याला देऊ द्या, त्यालाही बरं वाटेल. उद्घाटन नोव्हेंबरमध्ये आहे, म्हणून दिवाळीला येत नाही. आई, रागावू नकोस, फराळ कुरिअरने पाठवूही नकोस, फार पैसे घेतात. लग्नाला फेब्रुवारीत नक्की येते, हळदीच्या आधी पोचेन. आत्याला सांग की तिच्या केळवणाला नाही जमणार, मी तिला स्वतः फोन करीन.

नाशिकच्या स्थळाला नाही कळवा. माणसं चांगली आहेत, मुलगाही चांगला बोलला, पण त्यांना दोन वर्षांत नाशिकला परत येणारी मुलगी हवी आहे आणि मी तसं खोटं सांगणार नाही. 'मुलगी काय करते' असं कुणी विचारलं तर नोकरीच्या जोडीने थिएटर चालवते असं स्पष्ट सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का?

तुमची,
मनू

ता. क. महिन्यातला एक रविवार मराठी सिनेमाचा आहे, आणि त्या दिवशी मध्यंतर ठेवणार. इथे मध्यंतर नसतंच. खाण्याचे पदार्थ विकण्यासाठी कौन्सिलकडे नोंदणी झाली आहे. आई, पन्नास माणसांच्या बटाटेवड्यांना बटाटे किती, आलं-लसूण किती, मिरच्या किती, बेसन किती ते लिहून पाठव. अंदाजाने नको, ग्रॅममध्ये.