श्रद्धांजलीच्या पानावरचे चेहरे

महोदय,

आपल्या दैनिकातील ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे पान उघडले की अलीकडे मजकुराआधी माझे लक्ष छायाचित्रांकडे जाते. कुणाच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात राहून गेलेला असतो, तर कुणाचा चेहरा आधार कार्डावरून मोठा केल्याने पार पुसट झालेला असतो. गेल्या वर्षी वडील गेले तेव्हा आमच्यावरही हीच वेळ आली. मोबाइलमध्ये त्यांची शेकडो छायाचित्रे होती, पण चौकटीत बसवून हार घालावा असे एकही नव्हते; अखेर नातवाच्या मुंजीतल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून घ्यावा लागला.

वास्तविक बँकेच्या कामासाठी त्यांचा फोटो दोनच वर्षांपूर्वी एका दुकानात काढला होता. चष्म्याच्या काचांत फ्लॅशचे पांढरे ठिपके आले होते आणि संगणकावर सुरकुत्या इतक्या पुसल्या होत्या की पंचाहत्तरीतले वडील मेणाचे वाटत होते. दहा मिनिटांत आठ प्रती देणाऱ्या दुकानदाराला मी दोष देत नाही. अर्जावर चिकटवायला तेवढे पुरते. पासपोर्ट सेवा केंद्रात तर हल्ली प्रौढांचा फोटो तिथेच काढतात. चूक आमची, की त्यालाच आम्ही व्यक्तिचित्र समजलो.

व्यावसायिक छायाचित्रकाराच्या दराबद्दल कुरकुर करताना आपण कशाचे पैसे देतो, हे ध्यानात घेतले जात नाही. हातभर अंतरावरून मोबाइलने टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण इतक्या जवळून नाक आणि कान यांच्या अंतरातला फरकही ठळक होतो. म्हणून जाणकार माणूस दीड-दोन मीटर मागे सरून 85 मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे लांबूनही चेहरा चौकटभर टिपणारी लेन्स वापरतो. उजेड एका बाजूने, थोडा वरून घेतला की चेहऱ्याला उठाव येतो, डोळ्यांत चमक येते आणि चष्म्यावरची तिरीपही टाळता येते. रिटचिंग, म्हणजे काढलेल्या छायाचित्रावर हात फिरवून दोष झाकणे, काही आजचे नाही, पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने ते करतच असत. पण काय ठेवायचे हे कळण्यासाठी समोरचा माणूस आधी नीट पाहिलेला असावा लागतो. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1896 मध्ये तिथे स्टुडिओ थाटला. इतकी जुनी परंपरा असलेल्या राज्यात ही कला ‘बटण दाबण्याचे काम’ ठरावी, याचे वाईट वाटते.

ज्येष्ठांचा चांगला फोटो काढून ठेवू म्हटले की घरात ते अभद्र वाटते, ही अडचण खरीच आहे. आईच्या वेळी आम्ही तिच्या वाढदिवसाचे निमित्त केले. घरी आलेल्या छायाचित्रकाराने पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेरच काढला नाही. तो तिच्याशी तिच्या शाळेतल्या नोकरीबद्दल बोलत बसला, आणि नंतर खिडकीजवळच्या खुर्चीत तिला बसवून मोजकीच छायाचित्रे घेतली. आईची हसण्याआधी ओठ मुडपण्याची लकब त्यांपैकी एकात जशीच्या तशी आली आहे. सगळा खर्च कुटुंबाने एकदा हॉटेलात जेवावे एवढाच झाला. आम्ही 8 बाय 10 इंचांची प्रत घेतली आणि मूळ फाइलही मागून घेतली, कारण व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले छायाचित्र दाबून लहान झालेले असते आणि ते वृत्तपत्रात कसे उमटते, हे आपल्या छपाई विभागाला मी सांगायला नको.

आपला,
एक वाचक, सातारा