मन्या, बाबांबद्दल

प्रिय मन्या,

इकडे सगळे बरे, माझी शुगर आहे तशीच. फोनवर हे धड बोलता आलं नसतं म्हणून लिहून राहिलो.

बाबांचा विसरण्याचा आजार तुला माहीतच आहे, परवा पहाटे घरून निघाले ते थेट इतवारीत. एका बंद दुकानाचं शटर ओढत होते, त्यांना वाटलं आपलं जुनं स्टेशनचं ऑफिस. गस्तीची गाडी आली, सायरन चालू, टॉर्च तोंडावर, 'नाव काय? कुठं राहतो? बोलत काऊन नाही?' सगळं एका दमात. बाबांना एका प्रश्नाचं उत्तर जुळवायला वेळ लागतो बे. त्यांनी छत्री उगारली, एकानं हात पिरगाळला. मनगट अजून काळंनिळं आहे. गाडीत एक बाई शिपाई होती, तिनं टॉर्च खाली करायला लावला, पायरीवर बसली न् हळूच विचारलं, 'काका, आज ड्युटी कोणती?' बाबा म्हणाले, 'नाईट', न् छत्री तिच्याच हातात दिली. तिच्या सासूला हेच आहे म्हणे.

म्हणजे तिची सासू आजारी म्हणून बाबा वाचले. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर, हेच डोक्यातून जात नाही.

फुटाळा तलावावरचं भांडण आठवते? 'पोलिसाले शिकवून काही होत नाही' म्हणून तू उठून गेला होता, भुट्ट्याचे पैसे न देता (ते बाकी आहेत). पण अमेरिकेत मेम्फिसला 1988 पासून काही पोलिसांना मानसिक त्रास असलेल्यांशी कसं वागायचं यासाठीच 40 तासांचं ट्रेनिंग देतात. अन् शिकायचं तरी काय, सायरन बंद, एक प्रश्न विचारून थांबायचं, मागून हात लावायचा नाही. आमच्या शेजारच्या पोराला ऑटिझम आहे, सायरन वाजला की कान दाबून पळत सुटतो, नजर तर कोणालाच देत नाही, आता पोलिसाला पळणारा न् नजर चुकवणारा म्हणजे चोरच दिसणार ना, त्याला तेवढंच शिकवलंय. ब्रिटनमध्ये विसरण्याचा आजार असलेल्यांचे घरचे लोक आधीच फॉर्म भरून ठेवतात, हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात, त्यात फोटो, जुनी नोकरी, माणूस कुठं जाऊ शकतो ते सगळं. बाबांचा असा फॉर्म असता तर त्यावर लिहिलंच असतं, इतवारी स्टेशन, नाईट ड्युटी. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 100 आहे, असा भटकणारा माणूस सापडला तर लॉकअपमध्ये टाकायचा नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचा, घरचे शोधायचे. पण रात्री गस्तीवर असलेल्याला हे कोणी सांगितलं असेल तर ना.

तुझ्या प्रमोशनचं कळलं, भारी. वहिनींचा गुडघा कसा आहे?

तुझा मेहुणा ट्रेनिंग सेंटरला शिकवतो ना अजून? त्याला माझा नंबर दे. नव्या बॅचसमोर एक तास पाहिजे, ती बाई पण यायला तयार आहे.

तुझा,
पक्या