तुम्ही विचारलंत ती फोटोतली इमारत

पॅरिस, रविवार

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा पाठवलेल्या फोटोत माझ्यामागे दिसणारी इमारत कुठली, असं तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, जहाज उभं केल्यासारखी दिसते. फोनवर सांगायला गेले असते तर अर्ध्यातच तुमची बातम्यांची वेळ झाली असती, म्हणून सवडीने लिहितेय.

ते हॉटेल ल्युतेसिया. सेव्र-बाबिलोनला मी मेट्रो बदलते. कधी लवकर निघाले तर वर येऊन एक चक्कर मारते. ल्युतेसिया हे पॅरिसचं जुनं लॅटिन नाव. दर्शनी भिंत सरळ नाहीच, लाटेसारखी आत-बाहेर होते, आणि दगडात द्राक्षांचे घोस कोरलेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या नाशिकच्या द्राक्षांची आठवण झाली, हसू नका.

हे हॉटेल बांधलं ते चक्क एका दुकानाने. चौकापलीकडेच ल बों मार्शे हे मोठं दुकान आहे. बूसिको नवरा-बायकोने ते नावारूपाला आणलं. वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, हे तिथे एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं होतं. (आई तिथे फार दिवस टिकली नसती.) बाहेरगावहून खरेदीला येणाऱ्या बड्या गिऱ्हाइकांना उतरायला चांगली जागा हवी, म्हणून दुकानाच्या मालकांनी १९१० साली समोरच हे हॉटेल उघडलं. बाकीची बडी हॉटेलं नदीच्या उजव्या तीरावर, हे एकटं डाव्या तीरावर.

पुढची पंचवीसेक वर्षं थाटामाटाची, ती सोडून देते. मला खरं सांगायचंय ते त्यानंतरचं. हिटलर आल्यावर जर्मनीतून पळालेले लेखक आणि राजकारणी १९३५-३६ मध्ये इथेच बैठका घ्यायचे, लेखक हाइनरिख मान त्यांचा पुढारी. सगळ्या विरोधकांनी एकत्र यावं अशी खटपट होती, ती फसली. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि आबवेर, म्हणजे जर्मन लष्कराचं हेरखातं, याच हॉटेलात येऊन बसलं. ज्या छताखाली हिटलरविरुद्ध खलबतं झाली, तिथेच त्याच्या हेरांनी टेबलं मांडली. चार वर्षं!

एप्रिल १९४५ पासून ऑगस्टपर्यंत याच इमारतीत छळछावण्यांतून सुटून आलेल्यांचं स्वागत केंद्र होतं. बस यायच्या, त्यातून माणसं उतरायची. अंगावर उवांसाठी डीडीटीची पावडर मारायची, डॉक्टर तपासायचे, मग नाव-गाव, कुठली छावणी, अशी चौकशी. चौकशी कडक असायची, कारण शत्रूला सामील झालेले काही जण सुटून आलेल्यांत मिसळून निसटायला बघत. मग खोली मिळायची. मऊ गादीवर झोप लागेना, म्हणून कित्येकजण खाली जमिनीवर झोपले.

आणि बाहेर फोटो. रस्त्यावर निवडणुकीचे फलक उभे होते, त्यांवर घरच्यांनी आपापल्या माणसांचे फोटो, नावं, पत्ते चिकटवले. बसमधून कुणी उतरलं की फोटो पुढे करून विचारायचे, याला पाहिलंत का? फोटो लग्नातले, शाळेतले, गुबगुबीत गालांचे. आणि उतरणारी माणसं डोकं भादरलेली, नुसती हाडं. त्या फोटोंवरून कोण कुणाला ओळखणार?

बाबा, हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. आजी आषाढीला पंढरपुरात चुकली, तेव्हा तुम्ही रेशनकार्डावरचा तिचा फोटो वाळवंटात दिसेल त्याला दाखवत फिरला होतात. माइकवरून तिचं नाव पुकारून झालं, आणि संध्याकाळी ती कुणाच्या तरी दिंडीच्या तंबूत चहा पिताना सापडली. वर तुम्हालाच रागावली, कुठे होतास म्हणून. इथे फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना नेलं होतं, परतले जेमतेम अडीच हजार. काहींना माणसं मिळालीही. पुढे गायिका म्हणून गाजलेल्या ज्युलिएत ग्रेकोची आई आणि बहीण राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून परतल्या, त्या तिला इथेच भेटल्या.

आता हॉटेल चकाचक आहे. २०१४ ला बंद करून चार वर्षं डागडुजी चालली. बारच्या छताला रंगाच्या थरांखाली जुनं भित्तिचित्र सापडलं, ते खरवडून उघडं करायला म्हणे १७,००० तास लागले. मी आत गेले नाही, पायात पावसाळी बूट होते. बाहेर भिंतीवर १९४५ ची आठवण सांगणारा संगमरवरी फलक आहे. काल त्याच्या खाली कुणीतरी सुतळीने बांधलेली फुलं ठेवली होती, ओली झालेली. शेजारून एक बाई चाकांची बॅग ओढत दाराकडे गेल्या, चाकाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी बॅग क्षणभर उचलली.

ते रेशनकार्ड अजून कपाटात असेल ना? आजीच्या त्या फोटोचा फोटो काढून पाठवा. गुडघ्याला तेल लावताय का, हे आईकडून कळेलच.

तुमची,
मनू