इस्राएलचे सगळे धार्मिक ज्यू सरकारवाले नाहीत हो

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या इस्राएलवरच्या लेखात 'तिथे धर्म आणि राष्ट्र एकच' असं छापलंय, आणि त्याचा फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय, की बघा, धर्माचा देश असा असतो. म्हणून लिहायला घेतलं.

अहो, तो देश उभा केला पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांच्यासारख्या धर्मकर्म न पाळणाऱ्या माणसांनी. आणि सगळ्यात कडक धर्म पाळणारे जे हरेदी, त्यांच्यातल्या सातमारसारख्या पंथांचं म्हणणं, मसीहा, म्हणजे देव पाठवणार तो तारणहार, यायच्या आधी माणसांनी राज्य काढणं म्हणजे देवाच्या कामात लुडबूड, ते तिथल्या निवडणुकीत मतच देत नाहीत. शहीद सैनिकांच्या दिवशी भोंगा वाजला की हायवेवर गाड्या थांबतात, लोक दार उघडून रस्त्यात उभे राहतात, आणि जेरुसलेमच्या मेआ शेआरीम या हरेदी वस्तीत काहीजण मुद्दाम चालत राहतात.

उलट रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) कूक यांना मानणारे धार्मिक राष्ट्रवादी स्वातंत्र्यदिनाला स्तोत्रं म्हणतात, त्यांना हे राज्यच देवाची योजना वाटते. पण राज्य पवित्र म्हणजे पंतप्रधान पवित्र असं नाही बरं का, 1995 मध्ये पंतप्रधान राबिनना गोळ्या घालणारा लॉचा विद्यार्थी याच बाजूचा होता.

मधल्या लोकांचा जुगाड तर भारीच. अगुदत इस्राएल या हरेदी पक्षाचे लोक सरकारला पाठिंबा द्यायचे, आरोग्य खातंसुद्धा चालवायचे, पण पद घ्यायचे उपमंत्र्याचं, म्हणजे मंत्रिमंडळाच्या निर्णयांचं पाप डोक्यावर नको! 2015 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे चालणार नाही म्हटल्यावर त्यांचे पुढारी लिट्झमन रब्बींची परवानगी काढून मंत्री झाले. सक्तीच्या सैन्यभरतीचंही तसंच, 1948 ला साधारण 400 धर्मविद्यार्थ्यांना दिलेली सूट वाढत वाढत हजारोंवर गेली, शेवटी जून 2024 मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, कायद्याचा आधार नाही, भरती करा.

आता आपल्या घरची गोष्ट, जी तुमच्या लेखात यायलाच हवी होती. कोकणातून, मुंबईतून गेलेले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल. 1960 नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला की यांची इतर ज्यूंशी लग्नं लावायच्या आधी आई, आजी, पणजीपर्यंत चौकशी करा. इथे शेकडो वर्षं ज्यूंचा पवित्र सुट्टीचा वार म्हणून शनिवार पाळला, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवले म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, आणि तिथे जाऊन ज्यू असल्याचा पुरावा द्यायचा! 1964 च्या उन्हाळ्यात बायकापोरांसकट माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर ठाण मांडून बसली. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, तेव्हा कुठे धर्मपीठ मागे हटलं. म्हणजे यांचा धर्म वाचवायला मतांवर निवडून आलेले पुढारीच कामाला आले, रब्बी नाही.

भायखळा, ठाण्यात अजून बेने इस्राएल घरं आहेत. पुढच्या पुरवणीसाठी तुमच्या वार्ताहराला तिकडे पाठवा की.

— एक वाचक, भायखळा