पहिले पाच घास

ती. आई-बाबांना सा. न.

ध्यान म्हणजे मांडी घालून डोळे मिटणं, आणि गुडघ्यांमुळे ते होणार नाही, असं बाबांचं म्हणणं. मग ते ताटावरच करा. अख्खं जेवण नको, पहिले पाच घास पुरे.

टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आई, भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेव आणि बाबांबरोबरच बस. तू तव्यापाशी उभी राहिलीस तर काही उपयोग नाही.

पहिला घास नुसत्या भाकरीचा, सुपारीएवढा, कालवण न लावता. तो तोंडात असताना हात ताटाबाहेर. पंचवीस-तीस वेळा चावलात की भाकरी गोडसर लागू लागेल, कारण लाळेतलं अमायलेज पिठातल्या स्टार्चची साखर करतं. गोडी आली नाही तर समजा, घास लवकर गिळला किंवा पाण्याबरोबर लोटला. बाबांची कवळी हलत असेल तर आकडे मोजत बसू नका, आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. तोवर भाकरी आमटीत कुस्करून मुरू द्या.

पुढचे चार घास भाजी, आमटी, कोशिंबीर, वरणभात, हव्या त्या क्रमाने. घास तोंडाशी नेताना आधी वास घ्या. वयानुसार नाक मंदावतं, मग अन्न अळणी वाटतं आणि हात मिठाकडे जातो. तेव्हा आधी लिंबू पिळा. पाणी पिताना मान मागे टाकू नका, हनुवटी किंचित खाली ठेवा, आणि घास पूर्ण उतरल्यावरच प्या. वरचेवर ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. मधुमेहाची जेवणाआधीची गोळी घेतली असेल तर ताट आधी वाढून घ्या, गोळीनंतर खोळंबा नको.

कृतज्ञतेला जड शब्द लागत नाहीत. बाबा, चित्राहुती घालताना तुमचा हात सवयीने फिरतो, मन पुढच्या वाटीत असतं. त्या क्षणी ताटातली एकच वस्तू धरा. ज्वारी घ्या: पावसाळा सरताना पेरलेली, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढलेली, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढलेली, मग मळलेली, दळलेली, थापलेली. आणि स्वयंपाक करणारीला नुसतं 'छान झालंय' म्हणू नका, ते न चाखताही म्हणता येतं. 'आज चिंचेऐवजी आमसूल घातलंस ना?' असं विचारा. चुकलं तरी चालेल, चव घेतली हे तिला कळतं.

चहाचंही तसंच. पहिली दोन मिनिटं कप नुसता हातात धरा, आल्याचा वास येऊ द्या. उकळता घोट नकोच: 65 अंशांपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं. बशीत ओतून पिणारे आपले आजोबा शहाणेच म्हणायचे! जेवणानंतर मात्र तासभर चहा नको. त्यातली टॅनिनं भाजी-डाळीतलं लोह पुरतं अंगी लागू देत नाहीत.

पाच घासांनंतर खुशाल गप्पा मारा, फक्त घास तोंडात असताना नको.

भाकरी कितव्या चावण्याला गोड लागली, ते दोघांनी वेगवेगळं कळवा.

तुमची,
मुलगी