पत्रिका जुळली नाही म्हणजे नक्की काय जुळलं नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी साताऱ्याची. पंचवीसेक वर्षं तुमचा पेपर आमच्या घरी येतो आणि सकाळी चहा घेताना मी पहिलं राशीभविष्याचं पान उघडते, हे आधीच सांगते. मी सोमवार करते, आमच्याकडे गणपती आणि गौरी दोन्ही असतात आणि ते मी सोडणारही नाहीये. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं एक चांगलं स्थळ मी स्वतः नाकारलं आणि का नाकारलं ते मला तिला धड सांगता आलं नाही.

मुलगा इंजिनियर, पुण्यात नोकरी, घरची माणसं साधी. दोघांचं फोनवर तीन-चार वेळा बोलणं झालेलं आणि मुलीच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला पटलाय. मग टिपण आलं. गुरुजींनी बघितलं, २१ गुण जुळत होते, ३६ पैकी १८ लागतात म्हणजे तसे पुरेसे, पण दोघांची एकच नाडी निघाली आणि नाडीला सगळ्यात जास्त ८ गुण. मी म्हटलं नको. समोर फोन करून सांगितलं, पत्रिका जुळत नाहीये हो. ते म्हणाले, बरं बरं, योग नसेल. दोन मिनिटांत विषय संपला.

रात्री मी ओटा पुसत होते, मुलगी येऊन फ्रीजला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "आई, एक नाडी म्हणजे काय गं?" चिडून नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, रक्तगट एक असतो, पुढे मुलंबाळं होताना त्रास होतो. ती म्हणाली, "त्याचा रक्तगट विचारलास?" नव्हता विचारला. "तुझा आणि बाबांचा काय?" आमचा दोघांचाही बी पॉझिटिव्ह, आमच्या नाड्या वेगळ्या, आणि दोन धडधाकट मुलं झालेली, त्यातली एक माझ्यासमोर उभी. माझा हात थांबला. मग ती म्हणाली, "तुला काय दिसलं तर तू म्हणशील की माझं चुकलं?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, ना आईवडिलांनी, ना शाळेत, ना मी स्वतःला कधी विचारला.

मला रात्रभर झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पंचांग घेऊन बसायला लागले. नाडी तीन, आद्य, मध्य आणि अंत्य. २७ नक्षत्रं या तिघींत वाटलेली, प्रत्येकीला नऊ. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून नाडी ठरते आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे चंद्र त्या नक्षत्रात असेपर्यंत जन्मलेली सगळी मुलं एकाच नाडीची, मग ती साताऱ्यात जन्मलेली असोत नाहीतर चंद्रपूरला. आणि मला एकदम आठवलं, माझ्या बाळंतपणात शेजारच्या कॉटवर एक बाई होत्या, माझी मुलगी पहाटे झाली आणि त्यांचा मुलगा त्याच दिवशी दुपारी, दोघांचंही नक्षत्र रोहिणी, म्हणून तेव्हा आम्ही दोघी किती हसलो होतो! अजून आमचे वाढदिवसाचे फोन होतात. मी फोन करून त्याचा रक्तगट विचारला. बी पॉझिटिव्ह. माझी मुलगी ओ. नाडी तीच, नक्षत्र तेच, हॉस्पिटल तेच आणि रक्तगट वेगळा.

गुरुजींकडे गेले, भीत भीतच, कारण ते आमच्या घरी चाळीस वर्षं येतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, रक्तगटाचं शास्त्रात काही नाही, ते अलीकडच्या लोकांनी जोडलंय." मी म्हटलं मग संततीचं? ते म्हणाले, "ते वडिलांनी शिकवलं तसं मी सांगतो, पडताळून मी कधी पाहिलं नाही." त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. मंगळाचा विषयही तेव्हाच निघाला. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे म्हणतात. बारा स्थानांतली ही पाच, म्हणजे ढोबळ हिशेबाने दर बारा माणसांत पाच जणांना मंगळ निघणार. लग्नाच्या वयाची जवळजवळ चाळीस टक्के मुलंमुली कडक कशी काय असतील, हा हिशेब मी बँकेत ३१ वर्षं आकडेमोड करूनही कधी मांडला नव्हता.

मुलीनं मग मला डॉ. जयंत नारळीकरांनी केलेल्या चाचणीबद्दल सांगितलं. २००८ साली त्यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर, १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, पत्रिका मांडल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं की पत्रिका बघून कुठला मुलगा कुठल्या गटातला ते सांगा. प्रत्येकाला ४० पत्रिका. उत्तरं पाठवणारे २७ जण निघाले आणि सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. आकड्यापेक्षाही मला त्यातली पद्धत फार भावली. त्यांनी आधी निकाल लावून मग टिंगल केली नाही, आधी विचारलं, चाचणी कशी ती सगळ्यांसमोर मांडली आणि मग जे निघालं ते छापलं. ज्योतिषांची उत्तरं बरोबर आली असती तर तेही त्यांना छापावंच लागलं असतं. माझ्या मुलीनं ओट्यापाशी मला जे विचारलं ते हेच होतं की.

इथे मला आणखी एक बोलायचंय. आमचे दीर पहिल्यापासून या सगळ्याच्या विरोधात. पण ते बोलायचे कसे, तर "तुम्ही बायका अडाणीच राहणार". वीस वर्षं ते हे बोलले आणि वीस वर्षं मी पत्रिकेला जास्तच घट्ट धरून बसले. त्यांच्याकडे मुद्दे होते, आज मला ते सगळे पटतात, पण त्यांनी एकदाही मला माझं म्हणणं पूर्ण करू दिलं नाही. आणि दुसऱ्या बाजूला आमच्या सासूबाई, त्यांचं एकच, मोठ्यांना उलट विचारू नये. दोन्हीकडून विषय बंदच व्हायचा. आमच्याकडच्या व्याख्यानमालांमध्येसुद्धा मी बघते, पूर्वी भाषण झालं की लोक उभं राहून प्रश्न विचारायचे, आता म्हणतात चिठ्ठीवर लिहून द्या, आणि त्यातल्या दोन वाचून आभारप्रदर्शन सुरू.

आमच्या जिल्ह्याला तर याचा वारसा आहे हो. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. १८८२ साली ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते आणि तिथेही दोघांच्या चर्चा चालायच्या, पुढे दोघांची मतं किती टोकाची वेगळी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच आगरकरांची ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. आणि दाभोलकर तर साताऱ्याचेच, त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून म्हटलं होतं, कशाला पडायचं लोकांच्या श्रद्धेत. हे मी बोलले होते आणि त्याची मला आज लाज वाटते. एक माणूस प्रश्न विचारतो म्हणून मारला जातो आणि आपण हळहळतो कशावर, तर त्यानं विचारलं कशाला यावर!

आणि पत्रिकेचं अजून एक खरं सांगते, मुलामुलींचे आईवडील वाचत असतील तर त्यांना पटेल. कितीतरी वेळा पत्रिका जुळत नाही हे कारण खरं नसतंच. मुलीचा रंग, मुलाचा पगार, घर भाड्याचं आहे, हे तोंडावर बोलता येत नाही म्हणून आपण पत्रिकेचं नाव घेतो आणि समोरचाही समजून घेतो. वाईटपणा टळतो हे मान्य. पण खरं कारण कधी शब्दात न आल्याने ते बरोबर की चूक हे आपण स्वतःलाही विचारत नाही, आणि ज्या मुलीला पाच वेळा पत्रिका जुळली नाही असं कळतं ती शेवटी स्वतःलाच अपशकुनी समजायला लागते. माझ्या मावसबहिणीचं हेच झालं.

मी पुन्हा त्या घरी फोन केला, चूक कबूल करायला. तीन महिने झाले होते. त्या बाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या मुलाचा साखरपुडा झाला, गेल्याच आठवड्यात. मुलीला सांगितलं तर म्हणाली, "असू दे आई, तू फोन केलास ना." ती नंतर तिच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संपादक साहेब, राशीभविष्य बंद करा असं मी म्हणत नाही, कितीतरी लोक ते आवडीनं वाचतात. माझी विनंती एवढीच की आठवड्यातून एकदा वाचकांना थोडी जागा द्या, एखादं मत का बदललं किंवा खूप विचार करूनही का बदललं नाही हे लिहायला. पत्रिका, उपास, दृष्ट, लसीकरण, जात, कुठलाही विषय असू दे, अट एकच, कारण लिहायचं आणि समोरच्याला शिवी द्यायची नाही. आमचे गुरुजी लिहायला तयार आहेत, मी त्यांना विचारलंय. आणि जमलं तर ही जागा राशीभविष्याच्या शेजारीच द्या, ते पान आमच्या घरात सगळे वाचतात, सासूबाईसुद्धा.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा