अलास्कात गळ टाकायला जाताना

महोदय,

अमेरिकेत मुलांकडे गेलेले काही मराठी पर्यटक वाटाड्या घेऊन अलास्कातल्या नद्यांवर सॅमन धरायला जातात. जाहिरातीत मासा दिसतो, तयारी दिसत नाही, म्हणून हे पत्र.

वाटाड्या सोबत असला तरी 16 वर्षांपासून पुढच्या प्रत्येक पाहुण्याला स्वतःचा परवाना लागतो. किंग सॅमनसाठी आणखी वेगळा. नमद्याच्या (फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाच्या) तळाचे बूट चालत नाहीत, कारण त्यात अडकलेले सूक्ष्मजीव एका नदीतून दुसरीत जातात. छातीपर्यंतच्या वेडर्सवर (पाण्यात उभे राहण्यासाठीच्या जलरोधक विजारीवर) कमरेचा पट्टा घट्ट आवळावा. तो सैल असताना पाय घसरला, तर आत पाणी भरते आणि थंडगार प्रवाहात उठणे अवघड होते.

अस्वलासाठीचा मिरची-फवारा प्रवासी विमानात नेता येत नाही. तिथेच घ्यावा आणि कमरेला लावावा. पिशवीच्या तळाशी ठेवलेला फवारा नसल्यातच जमा. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रुक्स नदीवर अस्वल जवळ येताच मासेमारी थांबवायची, गळाला मासा असला तरी तंगूस कापायचा. माणसाकडे आयता मासा मिळतो हे अस्वलाला एकदा कळले, की पुढच्या प्रत्येकाला धोका.

सोडायचा मासा ओल्या हातांनी, पाण्यातच धरावा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी धरते. फोटोसाठी त्याला वर उचलून ताटकळत ठेवणे कृपया टाळा.

– एक मासेमार वाचक, पुणे